खण उभा राहिला

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या ताडकळस-पूर्णा भागात जुन्या घराची मोजदाद चौरस फुटांत करीत नाहीत. घर केवढे, असे विचारले की उत्तर येते, ‘पाच खणांचे’ किंवा ‘नऊ खणांचे’. मुलीसाठी स्थळ पाहायला गेलेला माणूस परतला की आधी खण सांगतो, मग जमीन, आणि मुलाचे शिक्षण त्यानंतर. भावाभावांत वाटणी झाली तरी खणच वाटले जातात. थोरल्याला तीन, धाकट्याला दोन, आणि मधला खांब कोणाचा यावरून दोन पिढ्यांचा अबोला. मराठीत खण हा शब्द मोठा गुणी आहे. तो चोळीला आहे, कपाटाला आहे, ओटीत नारळाशेजारी आहे आणि डोक्यावरच्या छपरालाही आहे. आज मी बोलणार आहे तो शेवटच्या खणाविषयी.

घराचा खण म्हणजे चार खांबांनी धरलेली जागा. खांबाखाली दगडी उथळे, कारण लाकूड जमिनीला टेकले की वाळवी वर चढते. खांबाच्या डोक्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या. ज्यांना फळ्या परवडत नाहीत ते बांबूच्या किंवा झाडाच्या फांद्या चिरून त्यांचे किलचण अंथरतात, त्यावर पाला. सगळ्यांत वर पांढरी माती. झाले माळवद. खांब आणि तुळई यांचा सांधा कुसू आणि खाच यांचा. एका लाकडाला कुसू काढायचा, दुसऱ्याला खाच पाडायची, एकात एक बसवायचे आणि वरून लाकडाचीच खुंटी ठोकायची. लोखंडाचा खिळा जुन्या घरात सहसा सापडत नाही. खणाची लांबी-रुंदी साधारण पाच-सहा फूट, आणि तीही सुताराच्या लहरीवर ठरत नव्हती. कड्यांसाठी सरळ लाकूड जेवढे लांब मिळेल आणि मातीच्या ओझ्याखाली जे वाकणार नाही, तेवढाच खण. म्हणजे जंगलात झाड किती वाढले यावर माणसाची खोली किती रुंद हे ठरत होते.

भिंत मात्र वेगळी गोष्ट आहे. छपराचे ओझे खांबांवर असल्यामुळे भिंतीला काही उचलायचे नसते. तरीही मराठवाड्यातली जुनी भिंत दोन-दोन, तीन-तीन हात रुंद. तिच्यात कोनाडे, देवळी, दिवळी, तिजोरी, कधीकधी धान्याचे पेवसुद्धा. एवढी रुंदी कशासाठी? चोर, दरोडेखोर आणि मे महिना, अशी तीन कारणे सांगता येतील. तिसरे कारण सर्वांत जुने असावे.

आता हे सगळे बांधत कोण होते? सुतार हा शब्द संस्कृतातल्या ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला. सूत्र धरणारा, म्हणजे दोरी धरून रेघ आखणारा. तोच शब्द नाटकाच्या सूत्रधारालाही आहे. नाटकातल्या सूत्रधाराने आपला मान राखला. घराच्या सूत्रधाराचा झिजत झिजत सुतार झाला आणि बलुत्याच्या रांगेत जाऊन बसला. पण मूळ शब्दातच सांगितले आहे की आखणारा आणि तासणारा हे दोन वेगळे इसम नव्हते. मिस्त्री हा आपला दुसरा लाडका शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्याचाही मूळ अर्थ उस्ताद असाच. आमच्या घरी अब्बा सुताराला नावाने हाक मारीत नसत, ‘उस्ताद’ म्हणत. उस्ताद विठ्ठलभक्त होते, गळ्यात माळ होती, आणि अमावास्येला कितीही निकड असली तरी हत्याराला हात लावीत नसत. अब्बाही अमावास्या पाहूनच काम काढीत.

थोडे इतिहासात जाऊ. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. खर्च झाला १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातून आले, दगड चिंचवडच्या खाणीतून, चुना जेजुरीहून. हे आकडे शाळेच्या सहलीत सगळ्यांनी ऐकले आहेत. मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद. वाड्याच्या जुन्या वर्णनांत तिथे राबलेल्या कारागिरांची नावे येतात: शिवराम कृष्ण, देवजी, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट, जडावकाम करणारा भोजराज आणि चितारी राघो. आखणारा, तासणारा, घडवणारा, रंगवणारा, सगळे एकाच ओळीत. आपल्याकडे बांधणाऱ्याचे नाव राहते आणि घडवणाऱ्याचे पुसले जाते, ही तक्रार नेहमीची आहे. तिला हा एक छोटासा अपवाद. वाडा मात्र राहिला नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या. दगडी तट आणि दरवाजे तेवढे उरले. लाकडाचा शत्रू कोण, हे त्या आगीने सांगितले.

वाडे कसे होते ते पाहायचे असेल तर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा अजून उभा आहे. त्यालाही मे १८७९ मध्ये आग लागली होती, एक भाग गेला, पण दर्शनी बाजूचे लाकडी काम पाहायला मिळते. त्या काळच्या वाड्यांत खांब असतात त्यांना सुरूचे खांब म्हणतात. खाली फुगीर, वर निमुळते होत गेलेले. वर केळफुलाच्या महिरपी. सुरू म्हणजे फारसीतले ‘सर्व’ हे झाड. फारसी आणि उर्दू शायरीत प्रेयसीच्या उंच, सडपातळ बांध्याला शेकडो वर्षे याच झाडाची उपमा दिली जाते. महिरप हा शब्द मशिदीतल्या मेहराबवरून आला. म्हणजे शायरीतले झाड आणि मशिदीतली कमान मराठी सुताराच्या पटाशीखाली आली, त्याने तिला आपल्या परसातले केळफूल जोडले, आणि ब्राह्मण पेशव्याच्या दिवाणखान्यात ती जाऊन उभी राहिली. यावर कोणी परिसंवाद भरवला नव्हता. सुताराला आकार आवडला, एवढेच.

मग इंग्रजी अंमल आला. १८५४ साली पुण्यात सरकारी बांधकामांसाठी माणसे तयार करणारा इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला; पुढचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याचाच विस्तार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पुढे नकाशे काढणाऱ्यांचा वर्ग निघाला आणि त्यातून वास्तुकलेचे शिक्षण उभे राहिले. यांतून उत्तम इमारती झाल्या, त्याबद्दल वाद नाही. पण एक फाट पडली. कागदावर आखणारा एका खोलीत बसला आणि लाकूड तासणारा दुसरीकडे. नकाशा वाचता न येणारा उस्ताद ‘अडाणी’ ठरला, आणि रंधा कधी हातात न धरलेला पदवीधर ‘तज्ज्ञ’. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे ही फाट उशिरा पोहोचली. खेड्यात तर कितीतरी काळ नकाशा म्हणजे सुताराने अंगणात काठीने मारलेल्या रेघा.

त्या रेघांची परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ रोजी झाली. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. रिश्टर मोजपट्टीवर सहाच्या थोडा वर. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. हादरा आमच्या भागातही जाणवला होता. जगात याहून मोठे भूकंप शेकड्यांनी होतात आणि इतकी माणसे मरत नाहीत. इथे का मेली?

माणसे मेली ती भिंतीखाली आणि मातीखाली. आपली रुंद भिंत दिसायला किल्ल्यासारखी, पण ती एक भिंत नसते, दोन असतात. एक बाहेरची दगडी कातडी, एक आतली, आणि मधल्या जागेत कपच्या, माती, जे हाताला लागेल ते. या दोन कातड्यांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड पूर्वीचे गवंडी मधूनमधून घालीत. पुढे दगड फोडायला पैसा लागू लागला, घाई वाढली, आणि तो आरपार दगड गेला. जमीन हलली की मधला भराव खाली बसतो, पाचरीसारखा दोन्ही कातड्यांना बाहेर ढकलतो. बाहेरची कातडी गल्लीत पडते. आतली झोपलेल्या माणसावर.

आणि वर माळवद. त्याचे गणित करून पाहा. सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असा एक खण घ्या. त्यावर दीड फूट माती आहे असे धरा. चोपन्न घनफूट माती झाली. कोरडी माती घनफुटाला पंचेचाळीस किलोच्या आसपास भरते. म्हणजे एका खणावर चोवीस-पंचवीस क्विंटल. ज्वारीची पंचवीस पोती डोक्यावर ठेवून आपण झोपतो. पावसात ती माती भिजली की ओझे आणखी वाढते. ही माती एवढी होते कशी? दर वर्षी मिरगाच्या आधी माळवद गळू नये म्हणून नवी माती टाकायची, चोपायची. आमची दादी या कामात पटाईत होती. घागरी उतरवाव्यात तशी मातीची टोपली उतरवून घेई. नवी माती टाकण्याआधी जुनी काढायची असते, हे आजूबाजूच्या पाच घरांत कोणी करताना मी पाहिले नाही. वर्षाला बोटभर माती म्हटली तरी तीस वर्षांत किती होईल, हिशेब सोपा आहे.

पण किल्लारीच्या पडक्या गावांत हिंडणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली. भिंती चारही बाजूंनी कोसळलेल्या, दगडांचा ढिगारा कमरेइतका, आणि मधोमध लाकडी खण उभा. खांब थोडे कललेले, पण उभे. वर माळवद तसेच. अशी घरे एक-दोन नव्हती, अनेक ठिकाणी होती. ज्यांना लाकूड परवडले नाही आणि ज्यांची तुळई थेट दगडी भिंतीवर टेकलेली होती, त्यांचे छप्पर भिंतीबरोबर आले. गरिबाचे घर आधी पडले, हा त्याचा सरळ अर्थ. सुताराचा हात जिथे लागला होता तिथे माणसाला बाहेर पडायला दोन क्षण जास्त मिळाले.

सरकारने आणि लोकांनीही यातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. माती, दगड, लाकूड यांनी दगा दिला, आता सिमेंट. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. सर्वाधिक नुकसान झालेली बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रेषेतले रस्ते, सारखी घरे, मोकळी अंतरे. त्या गावांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एवढेच सांगायचे आहे की जुन्या गावात शेजारीण हाकेच्या अंतरावर होती आणि नव्या गावात ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. निवारा मिळाला, तोही मजबूत मिळाला. ज्याचे सगळे गेले त्याच्यासाठी ती छोटी गोष्ट नव्हती.

खरा प्रश्न त्या बावन्न गावांबाहेर होता. शेकडो गावांत घरे तडकली होती पण पडली नव्हती. दीड लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीचे काम होते. एवढी घरे पाडून नवी बांधणे शक्य नव्हते. मग त्या जुन्या घरांना भूकंपात टिकेल असे करता येईल का? इथे प्रथमच आखणाऱ्याला तासणाऱ्याच्या दारात यावे लागले.

अहमदाबादच्या ‘असाग’ या संस्थेतर्फे अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई हे दांपत्य लातूर-उस्मानाबाद भागात काम करू लागले. रुडकीचे भूकंपशास्त्राचे ज्येष्ठ प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांनी या दगडी घरांच्या मजबुतीचे शास्त्र मांडले होते. योगायोग असा की दगड-मातीच्या कमजोर बांधकामांसाठीची भारतीय मानकेही १९९३ सालचीच. शास्त्र कागदावर होते. ते गवंड्याच्या थापीत आणि सुताराच्या पटाशीत उतरायचे होते.

काय करायचे होते, ते सांगतो, कारण ऐकणाऱ्यांत जुन्या घरांत राहणारे पुष्कळ असतील. पहिले काम भिंतीचे. हरवलेला आरपार दगड परत आणायचा. भिंतीला ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंनी हळूहळू एकेक दगड काढून भोक पाडायचे, ते डमरूच्या आकाराचे, मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांना रुंद. त्यात टोके वाकवलेली लोखंडी सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. दोन्ही कातड्या एकमेकींना बांधल्या गेल्या. हे काम घणाने होत नाही. एक घाव जोरात बसला की शेजारचे चार दगड सुटतात. भिंतीला कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे अभियंत्याच्या आकडेमोडीत नसते. ते गवंड्याच्या तळहातात असते.

दुसरे काम खणाचे. खुंटीने बसवलेला कुसू उभे ओझे शंभर वर्षे पेलतो, पण आडवा धक्का बसला की तो सांधा बिजागरीसारखा हलतो. चारही खांब एकाच दिशेला कलू लागतात. उपाय साधा आहे. खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या काटकोनात एक तिरपा दांडा बसवायचा, लाकडाचा किंवा लोखंडी. चौकोन सहज कलतो, त्रिकोण कलत नाही. हे शाळेतल्या भूमितीत सगळ्यांनी शिकलेले असते आणि सायकलच्या सांगाड्यात रोज पाहिलेले असते. सुताराला हे नवे नव्हते. बैलगाडीला तिरपा आधार तो पिढ्यान्‌पिढ्या देत आला आहे. घराला द्यायची वेळ त्याच्यावर कोणी आणली नव्हती, कारण आमच्या भागात जमीन हलते हेच कोणाच्या स्मरणात नव्हते. दख्खनचा दगड म्हणजे हजार वर्षे झोपलेला, असे सगळेच धरून चालले होते, शिकलेलेसुद्धा.

इथे सुताराची विद्या लागली. जुने सागवान वाळून इतके कडक झालेले असते की त्यात सरळ खिळा ठोकला तर ते उभे चिरते. आधी छिद्र पाडावे लागते. कोणता खांब आतून पोकळ आहे, हे तो हातोडीच्या मुठीने ठोकून आवाजावरून सांगतो. भिंतीत गेलेल्या खांबाचा अंधारातला भाग बहुधा वाळवीने खाल्लेला असतो. तिथे तिरपा दांडा बसवून उपयोग नाही, आधी खांबाला जोड द्यावा लागतो. जमिनीच्या धक्क्याचे बळ किती, हे अभियंता सांगणार. ते बळ या लाकडाला सोसेल का, हे उस्ताद सांगणार. दोघांपैकी एकाला वगळून काम होत नव्हते.

तिसरे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड. माळवदावरची माती कमी करायची. वीतभर ठेवून बाकीची उतरवायची, आणि गळू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा कागद अंथरायचा. अवघड यासाठी की घरातल्या बाईला खात्री लागते की पाऊस आत येणार नाही. तिला हे पटवून देणे पुरुष अभियंत्याच्या आवाक्यातले नव्हते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या काळात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केले. घरदुरुस्तीचा पैसा कसा मिळतो, कुठे खर्च करायचा, सळई किती जाडीची, हे त्या शिकल्या आणि घरोघर सांगू लागल्या. ओसरीच्या पुढे ज्यांना कोणी बोलू देत नव्हते, त्या गवंड्याला ‘इथे सळई का नाही’ असे विचारू लागल्या. भूकंपाने आणलेल्या बदलांतला हा एक चांगला बदल.

एवढे होऊनही सगळीकडे हे झाले का? नाही. बऱ्याच कुटुंबांनी दुरुस्तीच्या पैशातून जुने घर मजबूत न करता शेजारी सिमेंटची एक छोटी खोली बांधली. त्यांना दोष देणे मला जमत नाही. ज्याने दगडाखालून पोरगे काढले आहे त्याला दगडी भिंतीवर पुन्हा विश्वास ठेव, असे सांगायला मोठे काळीज लागते. पण त्याचा परिणाम असा झाला की जुने घर जसेच्या तसे, तडकलेले, आरपार दगडाशिवाय, मणामणांची माती डोक्यावर घेऊन शेजारी उभे राहिले. एप्रिल-मे महिन्यांत सिमेंटच्या खोलीची भट्टी होते. तेव्हा म्हातारी माणसे आणि लेकरे दुपारी झोपायला कुठे जातात? त्याच माळवदाखाली.

पुढे जुन्या लाकडाचे व्यापारी आले. शहरांत कोरीव खांबांना भाव आला, हॉटेलांत, बंगल्यांत ते शोभेला उभे राहू लागले. नक्षीची चौकट गेली, मग तुळया गेल्या, मग भिंती आपोआप बसल्या. ज्या सुरूच्या खांबावर नऊ खण तोललेले होते तो आता कुठल्या तरी दिवाणखान्यात कुंडी तोलत असेल. मला त्यात सौंदर्य दिसत नाही. सुताराची मुलेही शहरात गेली. प्लायवूडला कुसू लागत नाही.

देसाई दांपत्याने लातूरनंतर हे काम थांबवले नाही. त्यांची संस्था ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीरच्या भूकंपानंतर तिकडे गेली. त्या भूकंपाने दोन्ही बाजूंची मिळून सत्तर हजारांहून अधिक माणसे नेली. काश्मिरात घर बांधण्याची एक जुनी रीत आहे, तिला ‘धज्जी दीवारी’ म्हणतात. लाकडाची चौकट, तिच्यात उभे, आडवे, तिरपे तुकडे, आणि मधल्या जागांत विटा-दगड मातीत बसवलेले. धज्जी म्हणजे चिंधी. चिंध्या जोडून केलेली भिंत. आपण तिला गोधडी म्हटले असते. अशी घरे हलली, करकरली, भेगाळली, पण पुष्कळशी उभी राहिली. २००७ मध्ये युनेस्कोने काश्मीरच्या ग्रामीण घरांच्या दुरुस्तीविषयी एक मार्गदर्शिका काढली, ती राजेंद्र आणि रूपल देसाई यांनी तयार केलेली होती. सीमेपलीकडे तर गंमतच झाली. सरकारी मंजुरी आधी सिमेंट-विटांच्या घरांनाच होती. पण डोंगरातल्या लोकांनी पडलेल्या घरांचे लाकूड गोळा करून, सुतारांना हाताशी धरून धज्जीची घरे उभी करायला सुरुवात केली, आणि २००६ मध्ये सरकारला त्या पद्धतीला मान्यता द्यावी लागली. तिरपा दांडा तिथे शतकानुशतके होताच. किल्लारीच्या खणाला तो नव्हता, एवढाच फरक.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर भुजमध्ये ‘हुन्नरशाळा’ नावाची संस्था निघाली. हुन्नर हा आपलाही शब्द. तिथे वास्तुविशारद आणि कारागीर एकत्र बसून काम करतात, आणि कारीगरशाळेत शाळा सुटलेल्या मुलांना सुतारकाम, भिंतकाम शिकवतात. मराठवाड्यात एवढे मोठे दुःख झाले, एवढा पैसा आला, एवढे तज्ज्ञ येऊन गेले, आणि आमच्याकडे अशी एकही शाळा मागे राहिली नाही, ही माझी खंत आहे. किल्लारीच्या कामात तयार झालेले गवंडी आणि सुतार पांगले. त्यांच्या हातात जे आले होते ते त्यांच्याबरोबर गेले.

ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता आली असती. पण आपल्या पलीकडच्या हिंगोली जिल्ह्यात, जो १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, अलीकडे जमीन वारंवार हलते आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे लोक वर्षानुवर्षे सांगत आहेत. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा परभणी आणि नांदेड जिल्ह्यांत लोक घराबाहेर आले. नांदेडच्या प्रशासनाने तेव्हा आवाहन केले होते की पत्रे उडू नयेत म्हणून छपरावर ठेवलेले दगड काढून घ्या. आवाहन योग्यच होते. पत्र्यावरचे दहा दगड दिसतात तरी. माळवदावरची पंचवीस क्विंटल माती गवत उगवल्यामुळे टेकडीसारखी वाटते, ओझ्यासारखी वाटत नाही.

तेव्हा ज्यांचे माळवद अजून आहे त्यांनी या मिरगाआधी नवी माती टाकायची घाई करू नये. आधी एका जागी फळीपर्यंत खणून हाताने मोजावे, माती किती आहे. हातभर भरली तर ती उतरवायची आहे, असे समजावे. पण त्याआधी गावात जुना सुतार उरला असेल तर त्याला बोलावून प्रत्येक खांब ठोकून पाहायला सांगावे, विशेषतः भिंतीत गेलेले खांब. पोकळ खांबाला जोड दिल्यावरच वर चढावे. माती उतरवताना एकाच बाजूने उतरवू नये. चारही बाजूंनी सारखी, थराथराने उतरवावी, नाहीतर रिकाम्या बाजूला खण कलतो. मग प्लास्टिकचा कागद, त्यावर वीतभर माती. तिरपे दांडे प्रत्येक खांबाला, दोन्ही दिशांना. उतरवलेली माती गल्लीत टाकू नये. जुन्या घराची पांढरी माती शेताला खत म्हणून चांगली लागते. आमच्याकडे म्हातारे शेतकरी त्यासाठी गाड्या घेऊन येत असत.